काळ्या दगडाचं फ्रेंच घड्याळ, तांब्याचा ट्रे आणि यॉर्कशायरमधला लिलाव

लिलावात जुनी वस्तू घ्यायची तर खिशात पैसे किती हे नंतर बघू, आधी हाताशी एक मोकळी दुपार हवी. ती दुपार लिलावाच्या दिवसाची नव्हे, त्याच्या आदल्या दिवसाची. खरा सौदा तेव्हाच ठरतो, असं आता माझं पक्कं मत झालंय.

आम्ही यॉर्कशायरमध्ये राहतो. इथे बऱ्याच गावांत एखादं लिलावघर असतं. लंडनचे बातम्यांत झळकणारे लिलाव वेगळे. इथे घरातली म्हातारी माणसं गेली, मुलं लांब राहायला गेली, घर विकायला निघालं की अख्खा संसार व्हॅनमध्ये भरून येतो. कपाटं, चिनी मातीचे सेट, शिवणयंत्रं, पितळ-तांब्याचा ढीग आणि घड्याळं. त्यातही काळ्या दगडाची फ्रेंच घड्याळं तर जवळजवळ प्रत्येक लिलावात दिसतात. व्हिक्टोरियन काळात बैठकीत शेकोटी, शेकोटीवर फळी आणि फळीवर मधोमध घड्याळ अशी रीतच होती. आता शेकोट्या बुजवल्या, फळ्या गेल्या. दहा-पंधरा किलोचं दगडी धूड ठेवायचं कुठे? भाव पडले आहेत ते माझ्या मते निम्मे यामुळे, आणि उरलेले निम्मे दुरुस्तीच्या खर्चामुळे. घड्याळ शंभर पौंडांना मिळतं, पण ते पूर्ण उघडून साफ करून द्यायचे कारागीर त्याहून जास्त घेतात.

मला घड्याळ हवं होतं, ते चालणारं आणि टोले देणारं. कॅटलॉग ऑनलाइन येतो, त्यात लॉट नंबर, म्हणजे विकायच्या त्या वस्तूचा क्रमांक, दोन-चार फोटो, तीन ओळींचं वर्णन आणि अंदाजे किंमत. माझ्या लॉटपुढे लिहिलं होतं: काळ्या स्लेटचं फ्रेंच मँटल क्लॉक, एकोणिसाव्या शतकाचा शेवट, अंदाज ८० ते १२० पौंड. वर्णनात 'ए एफ' ही अक्षरं नाहीत ना, हे आधी बघायचं. ती असली म्हणजे वस्तूत काहीतरी मोडलंय, तडकलंय किंवा हरवलंय, जशी आहे तशी घ्या, नंतर तक्रार नाही. मी ईमेलवर कंडिशन रिपोर्ट मागवला, तो फुकट मिळतो. उत्तर आलं, 'चावी दिल्यावर चालतं, वेळ तपासलेली नाही.' लिलाववाले यापुढे एक शब्द देत नाहीत. पुढचं आपल्या डोळ्यांनी बघायचं.

म्हणून आदल्या दुपारी गेले. बरोबर मोबाइलचा टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि वाचायचा चष्मा. वस्तू हातात घेऊन बघायला कुणी ना म्हणत नाही, फक्त घड्याळ उचलताना तिथल्या पोऱ्याला हाक मारायची. पोऱ्या कसला, साठीचे गृहस्थ. मला म्हणाले, "बाई, याला पुढून बघून काही कळायचं नाही. मागचं दार उघडा."

मागचं गोल दार उघडलं. आत पितळेचं मशीन, त्याच्यामागे घंटा. घंटेखाली मागच्या पत्र्यावर गोल शिक्का: झापी फ्रेर, १८५५ सालच्या प्रदर्शनातलं मानाचं पदक. पूर्व फ्रान्समधल्या बोकूरचा हा कारखाना, अशी मशीनं ढिगाने करून विकायचा. आता १८५५ हे घड्याळाचं साल नव्हे, पदकाचं. कारखाना पुढे कितीतरी वर्षं तोच शिक्का मारत राहिला. तसंच तबकडीवर लीड्सच्या एका दुकानाचं नाव होतं. ते विकणाऱ्याचं, बनवणाऱ्याचं नाही. फ्रान्समधून मशीन आणायचं, दगडी पेटीत बसवायचं आणि तबकडीवर आपलं नाव लिहून घ्यायचं, असा तेव्हाचा सर्रास धंदा. काळा दगड बहुतेक बेल्जियमचा. कॅटलॉगवाले त्याला कधी स्लेट म्हणतात, कधी मार्बल.

मला बघायचा होता तो शिक्क्याखालचा आकडा. पत्र्यावर मशीनचा अनुक्रमांक ठोकलेला असतो आणि लंबकाच्या गोळ्यामागेही बहुधा तोच असतो. दोन्ही जुळले तर लंबक मूळचा. या घड्याळाचा लंबक मागे प्लास्टिकच्या पिशवीत, चावीसोबत ठेवला होता. चष्मा लावून बघितलं, आकडे जुळले. पत्र्यावर खाली आणखी दोन छोटे आकडे होते, ४ आणि ६. हे लंबकाच्या लांबीचे, पॅरिसच्या जुन्या इंचांत: चार इंच आणि सहा रेघा. बारा रेघांचा एक इंच, आणि हा इंच सुमारे २७ मिलिमीटरचा. म्हणजे लंबक साधारण १२ सेंटीमीटर हवा. होता. लंबक हरवला की लोक दुसऱ्या घड्याळाचा अडकवतात, मग घड्याळ दिवसाला तासभर पुढे पळतं आणि मालक कारागिराच्या नावाने बोटं मोडतो.

शेजारच्याच टेबलावर याच जातीचं दुसरं घड्याळ, डोक्यावर पुस्तक वाचणारी बाई. कॅटलॉगमध्ये 'ब्राँझ रंगाची' असं लिहिलं होतं, आणि त्यातला 'रंगाची' हा शब्द महत्त्वाचा. बाईच्या कोपरावर रंग उडाला होता, खालून राखाडी धातू दिसत होता. म्हणजे जस्त. खरं ब्राँझ खरवडलं तर पिवळसर तांबूस दिसतं. जस्ताची बाई वाईट असते असं नाही, फक्त तिचे ब्राँझचे पैसे द्यायचे नसतात.

मग मी धातूच्या मांडणीकडे वळले. माझं माहेर पुण्याचं, कसब्यातलं. तांबट आळीतली ठोकठोक कानात भरूनच लहानाची मोठी झाले. त्यामुळे घड्याळाच्या बाबतीत मी शिकाऊ असले तरी मठारलेलं तांबं मला कुणी शिकवायला नको. इंग्लंडमध्ये १८८० नंतर हाताने धातू ठोकायच्या कामाची मोठी लाट आली होती. यंत्राच्या मालाला कंटाळलेल्या लोकांनी गावोगाव वर्ग काढले. लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिकची शाळा १८८४ मध्ये पाद्री रॉन्सली आणि त्यांच्या पत्नीने सुरू केली. कॉर्नवॉलमधल्या न्यूलिनला १८९० मध्ये मासेमारी बंद असेल तेव्हा कोळ्यांच्या हाताला काम हवं म्हणून तांबेकामाचा वर्ग निघाला. म्हणूनच न्यूलिनच्या तांब्यावर उठावाचे मासे, खेकडे, गलबतं पोहताना दिसतात.

मांडणीत केझिकचा शिक्का असलेली एक ताटली होती, तिच्याभोवती दोघे व्यापारी भिंग घेऊन उभे. तिचा भाव कुठे जाणार हे सांगायची गरज नव्हती. तिच्या बाजूला बिनशिक्क्याचा एक लांबट ट्रे, काठावर उठावाचे मासे, वर्णनात 'न्यूलिनच्या धर्तीचा'. 'धर्तीचा' म्हणजे लिलाववाल्यांनी हात झटकले. मी तो उजेडात तिरका धरला. हातोडीचे ठसे एकसारखे नव्हते. कडेजवळ दाट, मध्यभागी विरळ, आणि एका कोपऱ्यात कारागिराची ओळ वाकडी होऊन पुन्हा सरळ झालेली. साच्यात दाबलेल्या पत्र्यावर तोच ठसा ठरावीक अंतराने परत येतो, तो शोधला की सापडतो. इथे सापडला नाही. मागून बोट फिरवलं, माशांचे खळगे खोल होते आणि कडा बोटाला लागत होत्या. पत्रा जाड, ठोकून ठोकून कडक झालेला. न्यूलिनचा असेल-नसेल, हाताचा नक्की. लोहचुंबक कुठेच चिकटलं नाही.

त्याच टेबलावर 'पूर्वेकडचा पितळी अक्रोडफोड्या' असं लेबल लावलेला आपला अडकित्ता पडला होता, मोराच्या आकाराचा. मी त्या गृहस्थांना सुपारी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे वहीत लिहून घेतलं. लेबल काही बदललं नाही.

एक चांदीचा मुलामा दिलेली चहाची किटलीही आवडली होती, पण मुठीच्या सांध्यांत पांढऱ्या चकत्या होत्या. हात भाजू नये म्हणून तिथे हस्तिदंत घालत. जून २०२२ पासून इथे हस्तिदंताचा कायदा कडक झालाय. १९४७ पूर्वीची वस्तू आणि हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल तर विकता येते, पण आधी सरकारकडे २० पौंड भरून नोंदणी करावी लागते. या किटलीची नोंदणी नव्हती म्हणे, तो लॉट दुसऱ्या दिवशी मागे घेतला.

आता हिशोब. नवखा माणूस इथेच घसरतो, कारण हातोडा पडतो ती किंमत आपण देतो ती नव्हे. या लिलावघराचं खरेदीदाराचं कमिशन २५ टक्के, आणि कमिशनवर २० टक्के व्हॅट. म्हणजे शंभराला एकशे तीस. घरबसल्या ऑनलाइन बोली लावली तर वेबसाइटचे पाच टक्के आणि त्यावर व्हॅट, म्हणजे एकशे छत्तीस. काही लॉटपुढे एक खूण असते, त्यांवर हातोड्याच्या किमतीवरही व्हॅट लागतो, ती तळटीप वाचायचीच. माझी घड्याळाची मर्यादा सगळं धरून १६० पौंड. ऑनलाइन १२० ची बोली लावली तर १६३.२० होतात, मर्यादेबाहेर. तीच बोली खोलीत बसून लावली तर १५६. म्हणून ठरवलं, जाऊन बसायचं. नवरा म्हणाला, "अगं, सात पौंड वाचवायला तू आख्खा दिवस घालवणार?" मी म्हटलं, हो.

दारात ओळखपत्र दाखवलं, आकड्याचं पुठ्ठ्याचं पान मिळालं. लिलाव पुकारणारा तासाला शंभरच्या वर लॉट उडवतो, त्यामुळे आपला लॉट साधारण कधी येणार याचा हिशोब ठेवावा लागतो. खोलीत जेमतेम वीस माणसं, बाकी सगळे ऑनलाइन, स्क्रीनच्या पलीकडे. घड्याळ आलं. त्याने ऐंशीला सुरुवात करायला बघितलं, कुणी हललं नाही. पन्नासवर उतरला, तिथून बोली सुरू झाली. शंभरपर्यंत पाचपाचने, पुढे दहाने. मी नव्वदपर्यंत पान वर केलंच नाही, आधी हात वर करून फक्त गाडी लवकर पळते. शेवटी ऑनलाइनवाला शंभरवर थांबला, मी एकशेदहा म्हटलं, पुकारणाऱ्याने दोनदा स्क्रीनकडे बघितलं आणि हातोडा टाकला. हातात पडलं १४३ पौंडांना.

केझिकची ताटली अंदाजाच्या दुपटीच्या पुढे गेली. त्यातले बरेच पैसे शिक्क्याचे. माझा बिनशिक्क्याचा ट्रे पंचेचाळीसला सुटला, कमिशन धरून ५८.५०. भिंगवाल्यांपैकी एकाने वळून बघितलं खरं.

पैसे भरून माल दोन दिवसांत न्यायचा, नाहीतर ठेवण्याचं भाडं सुरू. घड्याळ नेताना लंबक आत लटकता ठेवायचा नाही. ज्या पातळ पट्टीवर तो झुलतो ती हिसक्याने मोडते. लंबक वेगळा गुंडाळला, घंटा काढून टॉवेलात, आणि दगड गाडीत उभाच ठेवून पट्ट्याने बांधला.

घरी मांडताना खरी कसोटी आवाजाची. टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं यायला हवं. लंगडत चाललं तर थोड्या वेळाने बंद पडणार. आमचं लंगडत होतं. फळी सपाट आहे हे स्पिरिट लेव्हलने पाहिलं, मग मशीन धरून ठेवणारे मागचे दोन स्क्रू किंचित सैल करून अख्खं मशीन केसाएवढं फिरवलं, कान लावून. चाल सारखी झाल्यावर स्क्रू आवळले. वेग कमीजास्त करायला तबकडीवर बाराच्या वर छोटं भोक असतं, चावीच्या बारीक टोकाने तिथला चौकोन फिरवायचा. टोलेही चुकीचे पडत होते, चारला सात. जुन्या पद्धतीत टोल्यांचं चाक काट्यांकडे न बघता आपली मोजणी पुढे नेतं, त्यामुळे मागची तरफ उचलून एकेक तास वाजवून घ्यायचा, काट्यांशी जुळेपर्यंत. शेजारच्या आजी विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

ही हकिगत पुण्याला फोनवर सांगितल्यावर आतेबहीण लगेच म्हणाली, "मग वाड्यातल्या आजीच्या समया पाठवू का गं? पौंडांत विकू." नाही पाठवायच्या. एक तर १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. आणि दुसरं, इथे भारतीय पितळेला कोण विचारतंय? बनारसी नक्षीची ताटं प्रत्येक लिलावात असतात, एकेकटी खपत नाहीत म्हणून चार-चार एकत्र बांधून विकतात. समई जिथे आहे तिथेच तिची किंमत जास्त.

पुढच्या कॅटलॉगमध्ये भिंतीवरचं एक व्हिएन्ना घड्याळ आलंय, गुस्टाव बेकर या घड्याळ कारखानदाराचं नाव लिहिलेलं. फोटो सहा आहेत, सगळे पुढून. मशीनचा अनुक्रमांक आणि लंबकाचा फोटो पाठवा म्हणून आज सकाळी ईमेल टाकलाय.