थ्रिलर: सत्तरच्या दशकातील शनिवार रात्रीची धास्ती

लाल चौकटीत बसवलेली, माशाच्या डोळ्यासारख्या फुगीर भिंगातून टिपलेली काही दृश्ये एकामागून एक येतात: एखादे घर, एखादा रस्ता, एखादा जिना. त्यांत माणूस एकही नसतो आणि घडतही काही नसते, पण लॉरी जॉन्सनचे संगीत सुरू झाले की या रिकाम्या जागांमध्ये थोड्याच वेळात काहीतरी अभद्र घडणार याची बघणाऱ्याला खात्री पटते. ‘थ्रिलर’ या ब्रिटिश मालिकेची ही शीर्षकदृश्ये मला आजही तिच्या बहुतेक कथानकांपेक्षा अधिक भीतिदायक वाटतात.

एटीव्ही या कंपनीने १९७३ ते १९७६ या काळात या मालिकेचे सहा हंगाम काढले आणि त्यांत एकूण ४३ भाग झाले. प्रत्येक भाग सुमारे तासाभराहून थोडा मोठा, स्वतंत्र कथेचा आणि नव्या पात्रांचा असे. मालिकेचा कर्ताधर्ता होता ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश हेरमालिकेमुळे नाव झालेला ब्रायन क्लेमेन्स. बहुतेक पटकथा त्याने स्वतः लिहिल्या आणि काही टेरेन्स फीलीसारख्या इतर लेखकांकडून लिहून घेतल्या. पहिला भाग १४ एप्रिल १९७३ रोजी, शनिवारी दाखवला गेला.

माझे बालपण इंग्लंडच्या मिडलँड्स भागात गेले. वडील तिथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर होते आणि दूरदर्शन संच, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, दुकानातून महिन्याच्या भाड्याने आणलेला होता. वाहिन्या तीनच असल्यामुळे शनिवारी रात्री काय बघायचे यावर फारसा वाद होत नसे. दुसरा हंगाम १९७४च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हा कोळसा आणि तेलाच्या टंचाईमुळे सरकारच्या आदेशानुसार रात्री साडेदहाला प्रक्षेपण बंद होत असे. खुनाची गोष्ट संपते न संपते तोच पडदा काळा व्हायचा आणि घरात उरायचा तो गॅसच्या शेगडीचा आवाज. मालिकेच्या परिणामात त्या वर्षीच्या ऊर्जासंकटाचाही थोडा वाटा असावा, असे मी अर्धे गमतीने आणि अर्धे गंभीरपणे मानत आलो आहे.

वडील बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेले. झुंजार किंवा काळापहाड कितीही संकटात सापडला तरी पुढच्या पुस्तकासाठी तो जिवंत राहणारच, हे वाचकाला पक्के ठाऊक असते आणि त्या वाचनातली अर्धी मजा या खात्रीतच असते. ‘थ्रिलर’मध्ये ही खात्रीच काढून घेतलेली होती. दर आठवड्याला सगळी माणसे नवी असल्यामुळे कुणाचाही जीव राखून ठेवण्याची लेखकावर सक्ती नव्हती, आणि जी बाई पहिल्या दृश्यापासून आपल्याला आवडू लागली आहे ती शेवटच्या दृश्यापर्यंत टिकेल की नाही हे खरोखरच सांगता येत नसे. स्वतंत्र कथांच्या मालिकेचे बळ इथेच असते, आणि क्लेमेन्सइतका त्याचा चलाखीने उपयोग करणारा लेखक मला दुसरा ठाऊक नाही.

त्याची दुसरी खोड अशी की खुनी कोण हे तो अनेकदा आधीच सांगून टाकत असे. पहिल्याच भागात रॉबर्ट पॉवेलने उभा केलेला देखणा नवरा बुजऱ्या अमेरिकन बाईशी लग्न का करतो आहे हे तिच्या बऱ्याच आधी आपल्याला कळते, आणि मग तासभर आपण पडद्यासमोर बसून ‘अगं, निघ तिथून’ एवढेच म्हणत राहतो. ‘द कलर ऑफ ब्लड’मध्ये स्टेशनवर अशिलाला ओळखण्याची खूण म्हणून लाल कार्नेशनचे फूल ठरलेले असते आणि नेमके तेच फूल कोटाला लावून एक निसटलेला खुनी तिथे उभा असतो. वकिलाच्या कचेरीतली मुलगी हसून त्याच्याशी बोलू लागते, तिथपासून त्या भागातले प्रत्येक साधे वाक्य बघणाऱ्याला टोचू लागते.

आईला मालिकेतले खून फारसे भिववीत नसत; तिला धास्ती वाटे ती सभ्यतेची. परदेशातून एकटी आलेली तरुणी, मोठे घर, चहाचा ट्रे आणि अतिशय अदबीने बोलणारे यजमान, हा क्लेमेन्सचा आवडता पट होता. ‘समवन अ‍ॅट द टॉप ऑफ द स्टेअर्स’मधल्या दोन विद्यार्थिनींना स्वस्तात मिळालेल्या खोलीबद्दल पहिला संशय येतो तो एवढ्यावरूनच की घरातले भाडेकरू कधी बाहेर जात नाहीत आणि त्यांना कधी पत्र येत नाही. आमच्या घरी एअर लेटरची वाट बघणे हा आठवड्याचा मोठाच कार्यक्रम असल्यामुळे, ज्या घरात टपाल येत नाही ते घर भले नव्हे, हे आईला चटकन पटले होते.

मालिकेची परदेशी तरुणी बहुधा अमेरिकन असे, आणि त्यामागचे कारण व्यापारी होते. हे भाग अमेरिकेत एबीसी वाहिनीवर विकायचे असल्यामुळे तिकडची ओळखीची नटनटी घेतली जात. पुढे तिकडच्या प्रेक्षकांसाठी मूळ शीर्षकदृश्ये काढून टाकून नवी, ओबडधोबड दृश्ये जोडली गेली आणि काही भागांची नावेही बदलली. ‘द कलर ऑफ ब्लड’चे तिकडे ‘द कार्नेशन किलर’ झाले, म्हणजे मूळ नावाने झाकून ठेवलेली गोष्ट नव्या नावाने दारातच सांगून टाकली.

चित्रीकरणाचे बोलायचे तर घरातली दृश्ये स्टुडिओत व्हिडिओ टेपवर होत आणि बाहेरची सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर. त्यामुळे पात्र दार उघडून अंगणात आले की चित्राचा पोतच बदलतो. दार जोरात आपटले तर भिंत किंचित हलते, हेही नजरेतून सुटत नाही. पण पैशाच्या या ओढाताणीमुळे दिग्दर्शकांना चार भिंती, एक जिना आणि एक टेलिफोन यांतूनच भीती उभी करावी लागली. ‘आय अ‍ॅम द गर्ल ही वॉन्ट्स टू किल’ हा १९७४चा भाग याचा उत्तम नमुना आहे. खुन्याला पाहिलेली एक बाई आणि तिच्या मागावर असलेला तो, दोघेही रात्री कचेरीच्या कुलूपबंद इमारतीत अडकतात, आणि नंतरचा बराच मोठा काळ जवळजवळ एकही संवाद नाही. लिफ्ट, जिने, दारे आणि पावलांचे आवाज यांवरच तो तोललेला आहे.

त्याच वर्षीच्या ‘अ कॉफिन फॉर द ब्राइड’मध्ये मायकेल जेस्टन हा श्रीमंत बायकांशी लग्न करून त्यांना मारणारा खलाशी आहे आणि त्याच्यासमोर तरुण हेलन मिरेन आहे. तिने कुठेही आवाज न चढवता, केवळ ऐकण्याच्या ढंगातून, त्या भागावर पकड घेतली आहे. शेवट मी सांगणार नाही. तो आधी कळला तर पाहण्यात अर्थ उरत नाही.

सगळेच भाग असे साधलेले नाहीत. मनोरुग्ण म्हणजे खुनी हे समीकरण इतक्या वेळा आणि इतक्या निष्काळजीपणे वापरले आहे की आज ते बघताना संकोच वाटतो. शेवटच्या दोन हंगामांत क्लेमेन्स स्वतःच्याच युक्त्या पुन्हा वापरताना दिसतो. अलौकिक शक्तींकडे वळलेले भाग तर मला मुळीच रुचले नाहीत, कारण माणूसच पुरेसा भयंकर असताना भुताला बोलावणे म्हणजे हातचे डावलून उसने आणणे होय. अपवाद करायचाच तर ‘नर्स विल मेक इट बेटर’चा करीन, आणि तोही डायना डॉर्सने रंगवलेल्या गोडबोल्या परिचारिकेपुरता.

नव्याने पाहणाऱ्याने क्रमाने जाऊ नये. आधी कचेरीतल्या त्या रात्रीचा भाग बघावा, मग हेलन मिरेनचा, आणि ते दोन्ही आवडले तरच बाकीच्या एकेचाळीस भागांच्या वाटेला जावे.