तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या मुली ट्रेन्ड आहेत का?

गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईहून आलेली माणसं आई-वडिलांना आमच्याकडे ठेवण्याआधी हा प्रश्न हमखास विचारतात. "मुली ट्रेन्ड आहेत ना?" मी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये माझी नोंदणी आहे आणि कुडाळजवळच्या एका वृद्धाश्रमात काम करते. मी हो म्हटलं की तुमचं समाधान होतं, नाही म्हटलं की तुम्ही गाडी वळवता. खरं उत्तर हो-नाहीत मावत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

एएनएम, जीएनएम, बी.एस्सी., नर्सिंगच्या या तीन शिक्षणांतला फरक तुम्हाला माहीत असतो. पण तुमच्या आईला अंघोळ घालणारी, दर दोन तासांनी कूस बदलणारी, भरवणारी या तिघींपैकी कुणीच नसते. ती मावशी असते, बहुतेक वेळा शेजारच्या वाडीतली. तिच्यासाठी कोर्स नाही असं नाही. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाची रोजची सेवा करणाऱ्या मदतनिसाचा आहे, सरकारच्या राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात त्याला चौथी पातळी आहे, काही महिन्यांत होतो. पण नर्सचं नाव कौन्सिलच्या रजिस्टरला लागतं, तसं मावशीचं कुठेच लागत नाही. 1949चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खासगी हॉस्पिटलांसाठी. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007चा कायदा वृद्धाश्रम काढा म्हणतो, पण तिथे भरवणारीनं काय शिकलेलं असावं हे त्यात नाही. 2019मध्ये दुरुस्ती विधेयक आलं, त्यात अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा होता. त्याचा कायदा झालाच नाही. तेव्हा "सरकारी नियम काय सांगतो" असं मला दरडावून विचारू नका.

आधी मी भांडायचे. कागद काय करायचाय, हाताला माया हवी, असं तोंडावर सांगायचे. आजही ते सगळं खोटं वाटत नाही. सर्टिफिकेट फाइलमध्ये घालून आलेली मुलगी डायपर बदलायच्या वेळी बाहेर जाऊन उभी राहिलेली मी पाहिली आहे. आणि चौथीपर्यंत शिकलेल्या मावशीनं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या पाठीवर साधा लाल डागसुद्धा उठू दिला नाही, हेही पाहिलं आहे.

पण पेजेचं काय सांगू?

आधीच्या एका ठिकाणी पक्षाघात झालेले आजोबा हॉस्पिटलमधून आले. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. डिस्चार्ज कार्डावर खाण्याबद्दल दोनच शब्द, 'सॉफ्ट डाएट'. त्यांना बघणारी मावशी आमच्यातली सगळ्यांत प्रेमळ. घरून उकड्या तांदळाची पेज करून आणायची, भाताची शितं गाळून, पाण्यासारखी. मला म्हणाली, "ताई, घशात अडकाचा नाय म्हणान पातळ केलंय." आजाऱ्याला पातळ पेज, आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तापात ते बरोबरच असतं. पण पक्षाघातानं गिळण्याचे स्नायू ढिले पडले की पातळ पदार्थच जास्त घातक. तो इतक्या झपकन मागे सरकतो की श्वासनळी मिटायला वेळच मिळत नाही. दाट घास सावकाश जातो. अशा माणसाला सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, तोही चांगल्या बाजूच्या गालात. पुढचा चमचा देण्याआधी तोंड रिकामं झालं का बघायचं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आवाज ओला, घरघरता आला तर थांबायचं आणि नर्सला बोलवायचं.

यातलं तिला एकही कुणी सांगितलं नव्हतं. ती उशीला टेकवून, मायेनं, वाटीभर पेज पाजत होती. आजोबांना ठसकाही आला नाही. पुष्कळदा तो येतच नाही, म्हणून पेज श्वासनळीत गेलेली लक्षात येत नाही. दोन रात्रींनी ताप भरला, श्वास लागला. जिल्हा रुग्णालयात नेलं, तिथून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात. न्युमोनियानं गेले.

मुलगा आला तेव्हा मावशी ओट्यावर बसली होती. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "ही शिकलेली होती का?" ती रडत एवढंच म्हणाली, "माका कोणी सांगूक नाय." संस्थेनं दुसऱ्या दिवशी तिला काढून टाकलं आणि विषय संपवला. कार्डावर दोन शब्द लिहिणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. नवीन बाई घेतली, तिलाही कुणी शिकवलं नाही. मी तिथली नोकरी सोडली.

म्हणून आता माझ्याशी कुणी "माया असली की झालं" म्हणालं तर मला ते सहन होत नाही, माझं स्वतःचं जुनं वाक्य असूनही. मायेनंच पेज पाजली गेली होती. आणि तरी तुमच्या प्रश्नातला सर्टिफिकेटचा आग्रह मला पटत नाही, कारण कोर्स केलेली मुलगी इथे टिकत नाही. गोव्याला जाते, मुंबईला जाते. तिथे पगार बरा मिळतो. तुम्ही महिन्याच्या फीवरून घासाघीस करता, त्यातून तिला थांबवायला पैसे कुठून आणायचे? तुमच्या आईची रात्र कोण जागवतं आणि तिच्या एकटीवर किती जण असतात, हे विचारणारी माणसं मला फार थोडी भेटली.

सध्या दुपारी सगळे निजले की मी मावश्यांना घेऊन बसते. नाचणीचं सत्त्व किती दाट करायचं ते चमचा उलटा धरून दाखवते. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची पिशवी खाटेखालीच का टांगायची, इन्सुलिन घेतलेली बाई अचानक घामेजली, बरळायला लागली तर तिला झोप आली असं का समजायचं नाही, हे सांगते. त्या शिकतात, पटापट शिकतात. पण त्याचा कागद मी देऊ शकत नाही, आणि उद्या त्यांच्यापैकी एखादी दुसरीकडे गेली तर तिथे ती पुन्हा बिनशिकलेलीच ठरणार. हे मला डाचतं. तुम्ही पुढच्या वेळी आलात तर दुपारी या आणि त्यांच्यात बसा, भरवायचं कसं ते तुम्हालाही शिकवते.