ताई, खिडकी बंद ठेवा

चिमणी बसवून झाली की गेली 11 वर्षं मी गिऱ्हाइकाला एकच पाठ म्हणून दाखवायचो. "ताई, फोडणी द्यायच्या आधी दोन मिनिटं चालू करा, गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं चालू ठेवा. वरचा पंखा लावू नका. आणि खिडकी बंद ठेवा, नाहीतर वाऱ्यानं धूर चिमणीत जायच्या आधीच घरभर पळतो." यातलं शेवटचं वाक्य जानेवारीपासून माझ्या तोंडून निघत नाही.

सिंहगड रस्त्यावरची जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. दीड वर्षापूर्वी चिमणी मीच बसवली होती. ताईंचा फोन आला, "दादा, चिमणी उलटी चालतेय. सकाळी स्वयंपाकघरात कसलातरी गरम, ओलसर वास येतो." असले फोन बहुतेक वेळा साफसफाईचे असतात. बॅफल फिल्टर, म्हणजे खालची तेल अडवणारी पत्र्याची जाळी, तेलानं तुंबलेला असतो, तेलाची वाटी भरून सांडत असते, नाहीतर पाइपच्या तोंडाशी कबुतरानं संसार मांडलेला असतो. ऑटोक्लीन म्हणून विकलेल्या चिमणीला हात लावायची गरजच नाही, असं शोरूमवाले सांगून मोकळे होतात, आणि दोन वर्षांनी आतलं डांबर खरवडायला आम्ही. ताईंना साडेआठला ऑफिसला निघायचं होतं, म्हणून सव्वासातलाच गेलो.

या घरातल्या कामाचा मला अभिमान होता, हे आधी सांगतो. चिमणी घेताना लोक सगळं बघतात, हात हलवला की चालू होते का, काच काळी आहे का, डब्यावर ओढीचा आकडा 1200 लिहिलाय की 1500. पाइप कुठून जाणार, हे कुणी विचारत नाही. मग माळ्यावरून, पीओपीच्या आतून, तीन एल्बो, म्हणजे वळणं, मारून पाइप फिरवायचा, आणि वर "बाथरूमच्या कामातला 4 इंची पीव्हीसी उरलाय, तोच वापरा की" असा आग्रह. 6 इंची पाइपाचं तोंड 4 इंचीच्या सव्वादोन पट असतं. तेवढी हवा बारक्या भोकातून कोंबली की मोटर बोंबलते आणि धूर ओट्यावरच राहतो. कंपनीच्या मुलांना नगावर पैसे मिळतात, ते कशाला वाद घालतील? मी घालतो. इथं वाद घालून 6 इंची पाइप टाकला होता. लांबी जेमतेम 4 फूट, एकच वळण, थेट जुन्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून बाहेर. चौकोनी भोकात गोल पाइप गेल्यावर कोपऱ्यांत जी फट उरते, तिथं ॲक्रिलिकची शीट मापात कापून बसवली, कडेनं सिलिकॉन भरलं. मुंगीसुद्धा आत येणार नाही असं काम. फोटो काढून ठेवला होता, नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला.

गेलो, फिल्टर काढले, स्वच्छ. झडप मोकळी. तिसऱ्या स्पीडला टाकून वर्तमानपत्राचं पान खाली धरलं, फटकन चिकटलं. "ओढ एक नंबर आहे, ताई." त्या म्हणाल्या, "मग वास कसला?" वास होता खरा. गॅस गळतीचा नव्हे, तो लगेच कळतो. हा गरम, दमट. खिडकीच्या काचेला आतून घाम आलेला. कुकर अजून लावायचा होता, तवाही तापला नव्हता. मग एवढी वाफ आली कुठून?

तोवर मला पॅसेजमधून शीळ ऐकू येत होती. मुख्य दरवाजाच्या खालच्या फटीतून हवा आत घुसत होती. आणि बाथरूमचं दार कडीत खडखड वाजत होतं, आतून कुणी ढकलल्यासारखं. चिमणी बंद केली, दार गप्प. चालू केली, खडखड. आत ताईंचा मुलगा आंघोळ करत होता, पाचवीतला. मी विचारलं, "गीझर कुठला?" "गॅसचा. पण त्याचा पाइप बाहेर काढलाय हो, प्लंबरनं सगळं व्यवस्थित केलंय."

मी दार वाजवणार तेवढ्यात मुलगाच बाहेर आला. टॉवेल गुंडाळलेला, भिंतीला धरून दोन पावलं टाकली आणि खालीच बसला. मग ओकला. आजी लगबगीनं आल्या, "उपाशीपोटी आंघोळ केली की होतं त्याला असं. पित्त आहे, आईवर गेलाय." आजोबांनी कपाटातून करोनातलं ते बोटाला लावायचं यंत्र आणलं. 98. "बघा, ऑक्सिजन चांगला आहे, घाबरण्यासारखं काही नाही."

मी आधी गीझर बंद केला, मग चिमणी, मग दिसेल ती खिडकी उघडत सुटलो. मुलाला गॅलरीत नेलं आणि आवाज चढवून म्हणालो, दवाखान्यात न्या, आत्ता, आणि डॉक्टरांना गॅस गीझर होता म्हणून सांगा. ताई आणि आजोबा रिक्षानं गेले. तिथं त्याला ऑक्सिजन लावला, दुपारपर्यंत तो हुशारला. डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं की ते बोटावरचं यंत्र या विषारी वायूला फसतं. कार्बन मोनॉक्साइड रक्ताला ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून आकडा दाखवतं. त्याला वासही नसतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, जळताना घोटाळा झाला तर सावध करायला असं काहीच नसतं. आम्हाला आलेला तो दमट वास म्हणजे जळालेल्या गॅसची वाफ. नशीब, ती तरी सोबत येत होती.

ते गेल्यावर मी घरी आजींसोबत थांबलो. मला बघायचंच होतं. देवघरातली उदबत्ती मागून घेतली. बाथरूमचं दार उघडं ठेवलं, गीझर बंदच, आणि गीझरच्या डोक्यावर, पाइप जिथं सुरू होतो तिथं उदबत्ती धरली. धुराची रेघ वर गेली, पाइपात शिरली. मग खिडक्या लावून घेतल्या आणि आजींना चिमणी चालू करायला सांगितलं. रेघ थबकली, वाकली आणि सरळ माझ्या तोंडावर आली. पाइपातून बाहेरची गार हवा खाली येत होती, मनगटाला जाणवत होती. बाहेर जायच्या रस्त्यानं घर श्वास आत घेत होतं.

हिशेब साधा आहे. स्वयंपाकघर 8 बाय 10, उंची 10 फूट, म्हणजे 22-23 घनमीटर हवा. डब्यावर लिहिलंय ताशी 1200 घनमीटर. पाइप-वळण वगैरे जाऊन निम्मीच ओढ धरली तरी तासाला 25 वेळा खोली रिकामी होते. एवढी हवा बाहेर टाकायची तर तेवढीच कुठूनतरी आत यायला हवी. एक्झॉस्टचं भोक मी सिलिकॉननं बुजवलं होतं. खिडकी बंद ठेवा असंही मीच सांगितलं होतं, आणि थंडीत ताईंनी ते तंतोतंत पाळलं. राहिली दाराखालची फट आणि गीझरचा पाइप. वर जुन्या हवेत धुमसणाऱ्या बर्नरची ज्योतही नीट जळत नाही, विष आणखी वाढतं.

ताईंचं डोकं महिनाभर सकाळी दुखत होतं. त्यांनी चहा सोडला होता, पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. संध्याकाळी फोनवर त्या म्हणाल्या, "दादा, रविवारी नाही दुखायचं." रविवारी आंघोळी निवांत, स्वयंपाक उशिरा. दोन्ही मशीन एका वेळी चालायच्या त्या फक्त डब्याच्या घाईत.

प्लंबरला फोन केला तर म्हणाला, "माझा पाइप बरोबर आहे." बरोबरच होता. माझाही बरोबरच होता. मी त्याच्यावर खेकसलो, का ते मला अजून कळलेलं नाही.

त्या घरी आता विजेचा गीझर आहे. ॲक्रिलिक मी काढलं, जाळी लावली, त्याचे पैसे घेतले नाहीत. ताई द्यायला लागल्या तेव्हा फार अवघड झालं. मी कबूल केलं त्यांच्याजवळ, खिडकीचं मीच सांगितलं होतं म्हणून. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला काय माहीत." पण धंदा माझा आहे. न्यू जर्सीहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं परवा सांगितलं की तिकडे घरबांधणीच्या नमुना नियमांत मिनिटाला 400 घनफुटांवरच्या चिमणीसाठी बाहेरची हवा आत घ्यायची तरतूद आहे. 400 म्हणजे ताशी 680 घनमीटर. आपल्याकडे मी बसवतो त्यांतल्या बहुतेक चिमण्यांच्या डब्यावर याहून मोठा आकडा असतो.

माझ्या डायरीत 2 वर्षांच्या कामांचे नंबर आहेत. रात्री जेवण झालं की चार-पाच लावतो. "नमस्कार, चिमणीवाला बोलतोय. तुमच्याकडे बाथरूममध्ये गीझर कुठला?" आतापर्यंत 43 झाले, 9 जणांकडे गॅसचा निघाला. त्यातल्या दोघांनी मला घरी बोलावलं. बाकीच्यांना वाटतंय मी गीझर विकायला लागलोय. काल एक काका म्हणाले, "आम्हाला नको आहे काही, आणि खिडकी बंदच ठेवायची असं तुमचाच माणूस सांगून गेला होता." तो माणूस मीच होतो.