मुखवटा-वही, नोंद चौथी: मे काकूंचा रकाना

मागच्या नोंदीत अकरा अंक होते, आता चौदा. नवीन मंडळींसाठी एवढंच सांगतो की सुपरहीरोचं बिंग फुटलं, म्हणजे मुखवट्यामागचा माणूस कोण ते कळलं, असे कॉमिक्सचे अंक गाठून मी वाचतोय. या खेपेला वहीत एक रकाना वाढवलाय, 'किती टिकलं?'. कारण कॉमिक्समध्ये फुटलेलं बिंग पुन्हा सांधलं जातंच.

सगळ्यात अल्पायुषी 'अमेझिंग स्पायडर-मॅन' १२, सन १९६४. तापाने फणफणलेल्या पीटरचा, म्हणजे स्पायडर-मॅनचा, मास्क खलनायक डॉक ऑक सगळ्यांसमोर ओढून काढतो. पीटर ज्याला फोटो विकतो तो संपादक जेमसन आणि त्याची सेक्रेटरी बेटी, दोघंही तिथे हजर. तरी कोणाचा विश्वास बसत नाही, हा मरतुकडा पोरगा बेटीला सोडवायला सोंग घेऊन आला असणार! रकान्यात 'एक पान' लिहिलं आणि हसत बसलो.

३९वा अंक (१९६६) 'इसेन्शियल' या पुनर्मुद्रण-मालिकेच्या दुसऱ्या खंडात वाचला. खंड कृष्णधवल, त्यामुळे खलनायक ग्रीन गॉब्लिन हिरवा नाही, नुसता राखाडी. पण आधीचे चित्रकार डिट्को मालिका सोडून गेल्यावर जॉन रोमिटांचा हा पहिलाच अंक, आणि पहिल्याच फटक्यात दोन्ही मुखवटे उतरतात. गॉब्लिनला पीटर कळतो, पीटरला त्याच्या मित्राचा बाप नॉर्मन ऑस्बॉर्न. ४०व्या अंकात नॉर्मनची स्मृती जाते. रकाना: 'दोन अंक'.

मग घोळ झाला. मला हवा होता २००१चा ३५. मालिकेचे आकडे मध्येच पुन्हा एकपासून सुरू झाले होते, हे मागवताना विसरलो. पार्सल उघडलं तर १९६६च्या ३५चं पुनर्मुद्रण, आत मोल्टन मॅन नावाचा भलताच खलनायक. विकणाऱ्याचा दोष नाही, मी नुसता आकडा कळवला होता. तुम्ही मागवताना वर्षही लिहा.

खरा ३५ तीन आठवड्यांनी आला. स्ट्रॅझिन्स्कींचं लेखन, चित्रं रोमिटांच्याच मुलाची, रोमिटा ज्युनियरची. मॉर्लन या खलनायकाशी झुंजून पीटर काळानिळा होऊन झोपलाय, पोशाखाच्या चिंध्या झाल्यात, आणि त्याला लहानाचं मोठं केलेल्या मे काकू खोलीत येतात. बस्स. मास्क ओढणारा कोणी नाही, किंचाळी नाही. ३८व्या अंकात दोघं नुसतं बोलतात. बेन काका, म्हणजे काकूंचे यजमान, वारले ते माझ्यामुळे, असं पीटर इतकी वर्षं मनात धरून बसलेला. त्या रात्री आमचं भांडण झालं म्हणून ते बाहेर पडले, असं काकूही. दोघांनी एकच ओझं वेगवेगळं वाहिलेलं. मारामारीचे ढीगभर अंक एकीकडे आणि हा एक एकीकडे.

२००६च्या 'सिव्हिल वॉर' या कथामालिकेत पीटर स्वतःच मास्क काढतो ती पत्रकार परिषद सगळ्यांना पाठ आहे, तिच्यावर जास्त शाई घालवत नाही. मला तिच्यापेक्षा तिचं बिल मोठं वाटतं: गुंडांचा सरदार किंगपिन, त्याच्या माणसाची गोळी पीटरसाठी सुटते आणि लागते काकूंना. त्यांना वाचवायला २००७च्या शेवटी मेफिस्टो या सैतानाशी सौदा. पीटर आणि मेरी जेनचं लग्न पुसलं, मुखवट्यामागे कोण ही जगाची आठवणही पुसली.

रकाना भरताना लक्षात आलं, काकूंनाही आता काही आठवत नाही. म्हणजे ३८व्या अंकातलं ते बोलणंही गेलं. 'सिव्हिल वॉर'समोर 'दीड वर्ष' लिहिलं. काकूंच्या ओळीत '२००१ ते २००७' लिहून पेन्सिलनेच ठेवलंय, शाई फिरवलेली नाही.

पुढचा डेअरडेव्हिल, २०१४. त्या मुखवट्यामागचा वकील मॅट मर्डॉक भर कोर्टात स्वतःच कबुली देतो आणि न्यूयॉर्कमधली वकिली गमावतो. अंक टेबलावर आहे.