गाणं आणि सिनेमा दोन्हींसाठी एकच छोटा कॉम्प्युटर: माझा अनुभव

आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या घरी गाणं रोज लागतं. बाबांच्या सीडी, त्यांनी रेडिओवरून टेप केलेल्या आणि मी नंतर डिजिटल केलेल्या मैफली, शिवाय हार्डडिस्कवर साठलेले सिनेमे. हे सगळं टीव्ही आणि जुन्या ॲम्प्लिफायरला जोडलेल्या एकाच छोट्या डबीतून चालावं, अशी माझी इच्छा होती. बाबांची अट साधी होती: "टीव्ही लावायला लागू नये. फोनवरून गाणं सुरू झालं पाहिजे."

पहिला विचार रास्पबेरी पायचा, म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या एका बोर्डावरच्या कॉम्प्युटरचा केला. नुसत्या संगीतासाठी मी आजही तोच सुचवेन. पण २०२३च्या पाय ५मध्ये एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम सीपीयूऐवजी त्यासाठीच्या खास सर्किटने करणं) नाही आणि ऑडिओ जॅकही नाही. एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटची सोय आहे, एव्ही१ या त्याहून नव्या फॉरमॅटची नाही. पॉवर सप्लाय, केस, कार्ड हे वेगळं घ्यायचं.

मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड मिनी पीसी तिथे बरेच बघायला मिळाले. अशा वेळी इंटेल प्रोसेसरची जनरेशन (पिढी) आधी विचारावी. सहाव्या जनरेशनमध्ये ८ बिट (रंगांच्या कमी छटांचं) एचईव्हीसी हार्डवेअरवर नीट चालतं, १० बिटचं (जास्त छटांचं) पूर्ण हार्डवेअर डीकोडिंग सातव्यापासून मिळतं. हल्लीच्या बऱ्याच ४के फाइल १० बिटच असतात. मी तशी एक फाइल पेनड्राइव्हवर नेली होती. सहाव्या जनरेशनच्या मशीनवर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा आलेख वर चढला आणि चित्र अडखळायला लागलं. सातव्यावर सीपीयू शांत, 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख तेवढा हलत होता.

घेणारच होतो. पण दुकानदारांना म्हटलं, "काका, जरा आतल्या खोलीत लावून बघू? पंखा ऐकायचाय." त्यांनी आनंदाने लावून दिलं. विलंबित ख्यालाची सुरुवात लावली. नुसता तानपुरा, मग पहिला सा, आणि त्याच्या मागे पंख्याची बारीक घरघर. सिनेमात ती कानाला लागली नसती, पण आलापीत ती रोज ऐकावी लागली असती. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला: पंखा नको.

म्हणून बिनपंख्याचा इंटेल एन१०० मिनी पीसी घेतला. चार कोअर, ६ वॉटचा प्रोसेसर, १० बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ दोन्ही हार्डवेअरवर. त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम, सिनेमांसाठी कोडी हा प्लेअर आणि गाण्यासाठी एमपीडी, म्हणजे टीव्ही न लावता फोनवरून चालवता येणारा म्युझिक प्लेअर. कोडीचा आवाज एचडीएमआयने टीव्हीला जातो, एमपीडीचा यूएसबी डॅकमधून (डिजिटल आवाज ॲनालॉग करणाऱ्या डबीतून) ॲम्प्लिफायरला. सीडीचं सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४.१ किलोहर्ट्झचं. लिनक्समधलं आवाज हाताळणारं सॉफ्टवेअर ते बहुतेकदा बदलून ४८वर नेतं, म्हणून एमपीडी थेट डॅकला जोडला. ओटीटी मात्र टीव्हीवरच ठेवलं. लिनक्सवर त्याचं चित्र पूर्ण दर्जाचं मिळत नाही, त्यात वेळ घालवू नये.

सीडी फ्लॅक या ऑडिओ फॉरमॅटमध्ये उतरवल्या. गुणवत्ता जराही कमी होत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. एमपीडी दोन ट्रॅकमध्ये खंड पडू देत नाही, हे आपल्या संगीताला फार महत्त्वाचं. विलंबितातून द्रुतात जाताना समेच्या तोंडावर क्षणभर आवाज तुटला, तर बैठकच मोडते.

सगळ्यात जास्त वेळ गेला नावं लावण्यात. सीडीवरची माहिती इंटरनेटवरून आपोआप येते, पण राग कधी ट्रॅकच्या नावात, कधी कुठेच नाही. शेवटी अल्बमचं नाव 'राग, गायक, वर्ष' असं देवनागरीत ठेवलं. बाबांना यमन हवा असला की ते 'यमन' टाइप करतात आणि भीमसेन, किशोरीताई, सगळे एकाखाली एक येतात.

डबी चांगलीच तापते. टीव्हीच्या कपाटाचं मागचं प्लाय सुताराकडून कापून घेतलं आणि वर बोटभर जागा मोकळी ठेवली. रेडिओवरच्या मैफलींना राग लावायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. अर्ध्या कॅसेटवर नुसती तारीख आहे, त्यामुळे ऐकूनच ठरवावं लागतं.