कॉफी, सिनेमा आणि देवघर: स्वीडनला मुलांकडे जाणाऱ्या नाशिककरांसाठी

स्वीडनला मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या नाशिककरांना विमानात बसण्याआधीच कुणीतरी ऐकवतं, "तिकडे देवधर्म काही उरलेला नाही हो." हे अर्धंच खरं आहे. रविवारच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गर्दी नसते, हे मान्य. पण ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षं, न चुकवता करण्यात स्वीडिश माणसाचा हात कुणी धरू शकणार नाही. त्याचे नेम कॉफीच्या कपाशी आणि टीव्हीसमोर जास्त दिसतात, इतकंच. तीन महिने तिथे राहायचं तर ते आधी समजून घेतलेले बरे. दर वेळी सुनेला किंवा जावयाला विचारत बसावं लागत नाही.

सुरुवात कॉफीने, कारण तिच्यातून सुटका नाही. सकाळी साडेनऊ-दहा आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमारास ऑफिस, शाळेची स्टाफरूम, बांधकामाची साइट, सगळीकडे हातातलं काम बाजूला ठेवून कॉफी होते. सोबत काहीतरी गोड. याला फीका म्हणतात. कुणी घरी फीकाला बोलावलं तर तीन म्हणजे तीन. दहा मिनिटं आधी जाऊन बेल वाजवणं हे उशिरा जाण्यापेक्षाही अवघड वाटतं तिथे. चपला-बूट दारातच काढायचे, तेवढं आपल्यासारखंच. आणि एक लक्षात ठेवा: "नको, आत्ताच घेऊन आले" असं आपण आग्रहाची वाट पाहत म्हणतो. तिथे नको म्हणजे नको, पुन्हा कुणी विचारत नाही. हवी असेल तर पहिल्याच फटक्यात हो म्हणा.

घरी बहुधा कागदी फिल्टरचं मशीन असतं. प्रमाण सोपं आहे: एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड. मशीनच्या टाकीवरचा एक 'कप' साधारण सव्वाशे मिलिलिटरचा असतो, म्हणजे चार कपांच्या रेघेपर्यंत पाणी भरलं की ३० ग्रॅम पूड. चमच्यांच्या भानगडीत न पडता वजनकाटा वापरा, तिथल्या स्वयंपाकघरात तो असतोच. फिल्टरच्या कागदाला खाली आणि बाजूला अशा दोन शिवणी असतात. एक पुढच्या बाजूला आणि दुसरी मागच्या बाजूला दुमडली की कागद भांड्यात नीट बसतो. दुमडली नाही तर कडेने पाणी निसटतं, कधी कधी शिवण उसवून गाळ खाली येतो.

सगळ्यात जास्त घोळ पुडीत होतो. पाकिटावर दळणाचा प्रकार लिहिलेला असतो. 'ब्रिग्गमालेत' म्हणजे मशीनसाठी मध्यम दळलेली, 'कोकमालेत' म्हणजे उकळून करायची जाडसर. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, सारख्याच रंगाच्या पाकिटात असतात. जाडसर पूड मशीनमध्ये घातली तर पाणी तिच्यातून सरळ धावत खाली येतं आणि कॉफी फिकट होते. उलट एस्प्रेसोची बारीक पूड घातली तर कागद तुंबतो, वरचं भांडं भरून ओट्यावर वाहतं. भाजणीत 'मेल्लानरोस्त' मध्यम आणि 'मॉर्करोस्त' गडद. आपल्या जिभेला गडद जास्त जवळची वाटते, मध्यम भाजणीचा आंबटपणा सुरुवातीला खटकतो.

थोड्या वेळाने मशीन आपोआप बंद पडलं तर बिघडलं असं समजू नका. युरोपीय संघाच्या नियमानुसार २०१५ पासून विकल्या जाणाऱ्या अशा मशीनना स्वतःहून बंद व्हावंच लागतं: काचेचं भांडं असेल तर जास्तीत जास्त ४० मिनिटांत, थर्मासचं असेल तर पाचच मिनिटांत. तसंही तापत्या तव्यावर अर्धा तास राहिलेली कॉफी कडू जहर होते. उरलेली थर्मासमध्ये काढा.

आता आपली जायफळाची कॉफी. मशीनच्या कॉफीत नुसतं दूध ओतलं की पाणचट आणि कोमट काहीतरी होतं, कारण ६० ग्रॅमचं प्रमाण काळ्या कॉफीचं आहे. अर्धा लिटर पाण्याला ५० ग्रॅम पूड घ्या. त्याहून जास्त नको, पूड फुगते आणि भांडं ओसंडतं. दूध वेगळं तापवा, त्यातच साखर, आणि जायफळ किसणीवर तीन-चार वेळा फिरवून घाला. जायफळ दुधाबरोबर तापलं पाहिजे, वरून भुरभुरवलं तर ते तरंगत राहतं आणि घशाशी लागतं. मग कॉफी आणि दूध निम्मंनिम्म. दूध मशीनच्या टाकीत घालायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. आत करपतं, नळी तुंबते आणि वास जात नाही.

ज्यांचा मशीनवर विश्वास नाही त्यांनी उत्तर स्वीडनची पद्धत धरावी. पातेल्यात एक लिटर पाणी उकळा, खाली उतरवून ६० ते ७० ग्रॅम जाडसर पूड घाला, पुन्हा एकदाच उकळी येऊ द्या आणि लगेच बंद करा. पाच मिनिटं हात लावू नका, गाळ तळाशी बसतो. मग न हलवता हळूच ओता. चहासारखी खळाखळा उकळत ठेवली तर पिणाऱ्याचं तोंड वाकडं होणारच.

दुधाचं एक सांभाळा. लाल खोका म्हणजे ३ टक्के स्निग्धांशाचं, हिरवा दीड टक्क्याचं, निळा अर्ध्या टक्क्याचं, निदान मोठ्या डेअऱ्यांचं तरी असंच असतं. कॉफीला लालच घ्या. त्यांच्याच शेजारी तशाच खोक्यात 'फिलम्यॉल्क' असतं, ते विरजलेलं दूध आहे. गरम कॉफीत पडलं की फाटलंच. पण फेकू नका: पाणी घालून घुसळलं की उत्तम ताक, आणि कढीलाही चालतं. त्याचं विरजण लावायचं असेल तर कोमट ओव्हनमध्ये ठेवू नका. त्यातले जिवाणू खोलीच्या तापमानाला, वीस-बावीस अंशांना काम करतात, आपल्या दह्यासारखी ऊब त्यांना मानवत नाही.

अंडं न खाणाऱ्यांनी फीकाला जरा चौकशी करून खावं. दालचिनीच्या बनच्या पिठात बहुधा अंडं नसतं, पण चकाकी येण्यासाठी वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. केकमध्ये असतंच. 'पेप्परकाकोर' ही मसालेदार पातळ बिस्किटं बहुतेक बिनअंड्याची, तरी पाकीट वाचा. जेलीसारख्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं, नातवंडांच्या शनिवारच्या खाऊत हात घालताना हे ध्यानात असू द्या. सगळ्यात निर्धोक म्हणजे चॉकलेटचे गोळे, आणि नातवंडांना सोबत घेऊन करण्यासारखे: १०० ग्रॅम मऊ लोणी, १ डेसिलिटर (म्हणजे १०० मिलिलिटर) साखर, ३ डेसिलिटर ओट्स, ३ मोठे चमचे कोको, चमचाभर व्हॅनिला साखर आणि १-२ मोठे चमचे गार कॉफी. सगळं मळून लाडूसारखे वळायचे, सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवायचे आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवायचे. ओव्हन नको की अंडं नको. कॉफी गरम घातली तर लोणी वितळून मिश्रण हाताला चिकटतं, आणि मग मूल आणि ओटा दोन्ही धुवावे लागतात.

हीच कॉफी तुम्हाला चर्चमध्येही भेटेल. स्वीडिश चर्च २००० साली सरकारपासून वेगळं झालं, पण गावातलं स्थान टिकून आहे. रविवारच्या प्रार्थनेनंतर कॉफी आणि बन असतो, कुणीही बसावं, धर्म कुणी विचारत नाही. आजीआजोबांना जास्त उपयोगाच्या दोन गोष्टी: पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची खुली बालवाडी, जिथे मोठ्या माणसाने मुलासोबत थांबायचं असतं (आजी चालते), आणि भाषा-कॅफे, जिथे कॉफी पीत मोडकंतोडकं स्वीडिश बोलायचं असतं. अशा जागा चर्च चालवतात तशा ग्रंथालयं आणि नगरपालिकाही चालवतात, बहुतेक ठिकाणी फुकट. चर्चच्या बालवाडीत गाण्यांमध्ये एखादं येशूचं येतं. ज्यांना ते नको त्यांनी नगरपालिकेची निवडावी. बाऊ करण्यासारखं त्यात काही नाही, असं माझं मत.

१३ डिसेंबरला लुसिया हा दिव्यांचा सण. शाळेत पहाटे अंधारात पांढरे झगे घातलेल्या मुलामुलींची रांग गात येते, पुढच्या मुलीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट, शाळांमध्ये तो बॅटरीवरचा. मराठी मुलं यात सर्रास असतात. नातीला झगा हवा असेल तर नोव्हेंबरमध्येच घ्या, आयत्या वेळी मापाचा मिळत नाही. गाणी संपली की केशराचे बन आणि अर्थातच कॉफी.

आपल्या देवघराचं म्हणाल तर समई-निरांजनाला हरकत नसते, हिवाळ्यात तिथे घरोघरी खिडकीत दिवे आणि मेणबत्त्या असतातच. भानगड धुराची. छताला धूरसूचक यंत्र असतं आणि धूप किंवा कापूर त्याच्याखाली पेटवला तर ते इमारत डोक्यावर घेतं. स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट चालू ठेवून एकच उदबत्ती. यंत्राची बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नव्हे.

संकष्टीवाल्यांसाठी खास. नाशिकच्या पंचांगातला चंद्रोदय तिथे उपयोगाचा नाही, नुसते साडेतीन-साडेचार तास वजा करूनही. स्टॉकहोम ५९ अक्षांशावर आहे. मे-जूनमध्ये वद्य चतुर्थीचा चंद्र दक्षिणेकडे इतका खाली असतो की तो उगवायला मध्यरात्र होते किंवा टळतेही. ऑक्टोबरमध्ये उलट, संध्याकाळी सात-आठलाच दर्शन. पंचांगाच्या अॅपमध्ये गाव बदला, आणि उन्हाळ्यात जात असाल तर मधुमेह असलेल्यांनी कडक उपवासाचा हट्ट सोडा. कॉफी उपवासाला चालते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आता सिनेमा. भक्ती आणि पडदा यांचं नातं नाशिककराला कुणी शिकवायला नको. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम दिसताच प्रेक्षक पायातले जोडे काढून हात जोडत, असं सांगतात. तेव्हा नातवंडं एखाद्या सिनेमाच्या मागे वेडी झाली म्हणून नाक मुरडण्याचा आपल्याला तरी हक्क नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी धर्म म्हणून 'जेडाय' लिहिलं होतं, 'स्टार वॉर्स'मधल्या योद्ध्यांवरून. बहुतेकांनी गंमत म्हणूनच लिहिलं असावं. नातवाचं तेच वेड असेल तर जाण्याआधी बघून जा, आणि प्रदर्शनाच्या क्रमाने बघा: १९७७, १९८०, १९८३ चे तीन, मग १९९९, २००२, २००५ चे. पहिला आलेला सिनेमा कथेत चौथा आहे. कथाक्रमाने पाहिलात तर १९८० च्या सिनेमातलं नात्याचं गुपित आधीच फुटतं, आणि नातू तुम्हाला माफ करणार नाही.

२४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता मात्र कुणाला फोन करू नका. सार्वजनिक वाहिनीवर डोनाल्ड डक आणि मंडळींचा तासाभराचा कार्यक्रम लागतो, १९६० च्या आसपासपासून दर नाताळला, जवळजवळ तोच. आजोबांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना संवाद पाठ. जेवण, भेटवस्तू, सगळं त्याच्या आगेमागे बसवलेलं असतं.

थिएटरला जायचं तर मध्यंतर नसतं, म्हणून कॉफी आणि बाथरूम आधीच उरकून घ्या. वयाचे टप्पे सर्वांसाठी, ७, ११ आणि १५ असे. १८ वर्षांवरचं माणूस सोबत असेल तर ७ चा सिनेमा त्याहून लहान मुलालाही चालतो, ११ चा सात पूर्ण झालेल्याला आणि १५ चा अकरा पूर्ण झालेल्याला. सहा वर्षांच्या नातीला ११ चा सिनेमा आजीने मांडीवर घेऊनही दाखवता येत नाही, तिकीट काढलेलं असलं तरी. आणि 'सर्वांसाठी' याचा अर्थ मुलाला इजा होणार नाही एवढाच, तो मुलांचा सिनेमा असेलच असं नाही. लहान मुलांचे सिनेमे स्वीडिश आणि मूळ आवाजात वेगवेगळ्या खेळांना लागतात, तिकिटाआधी भाषा तपासा.

मराठी सिनेमांसाठी भारतातलं ओटीटी खातं तिथे चालेलच असं नाही, हक्क देशागणिक असतात. टॉरेंटच्या वाटेला मुळीच जाऊ नका. फाइलींची कॉपी करून वाटणं पवित्र मानणाऱ्या 'कोपिमिझम' नावाच्या पंथाला याच देशात २०१२ च्या सुरुवातीला धर्मसंस्था म्हणून मान्यता मिळाली खरी, पण डाउनलोड केलेल्या सिनेमाची भरपाई मागणारं वकिलाचं पत्र ज्याच्या नावावर इंटरनेट आहे त्याला, म्हणजे तुमच्या जावयाला येतं.

सामानात जायफळ, वेलदोडे, बेदाणे, चिवडा खुशाल न्या. खवा, पेढे, तूप, कुठलाही दुधाचा पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेता येत नाही, देवाचा प्रसाद असला तरी. त्याऐवजी साखरफुटाणे. ताजी द्राक्षं आणि कढीपत्ताही कागदपत्रांशिवाय नको. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून तारखा विचार करून ठरवा. लुसिया आणि डोनाल्ड डक दोन्ही हवे असतील तर नोव्हेंबरच्या शेवटी जा. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला तीनच्या आत सूर्य मावळतो, तेवढी तयारी ठेवून. फिरायचं असेल तर मे ते जुलै, मग संकष्टीचं वर सांगितलंच आहे.