दीड तासाचा सराव

८ नोव्हेंबर

२००३ साली याच तारखेला अमेरिकन फुटबॉलमध्ये मिनेसोटातल्या कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्स कॉलेजने बेथेलला २९-२६ असं हरवलं आणि त्यांचे कोच जॉन गलार्डी यांचे ४०९ विजय झाले. ग्रॅम्बलिंग कॉलेजचे कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ चा विक्रम मागे पडला. २०१२ च्या हंगामानंतर गलार्डी थांबले तेव्हा ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये हा आकडा अजून कुणी गाठलेला नाही.

मला मात्र त्यांच्या सरावाबद्दल लिहायचंय. जास्तीत जास्त दीड तास. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धडकून खाली पाडणं, सरावात साफ बंद. शिट्टी नाही, ढकलायची लोखंडी स्लेड नाही, टॅकलची डमी नाही. पाणी हवं तेव्हा प्यायचं. संघात यायचं म्हणेल त्याला घ्यायचं, त्यामुळे यादी दीडशेच्या वर जायची. आणि ‘कोच’ म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं.

याचं मूळ १९४३ मधलं. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडला त्यांच्या शाळेचा कोच युद्धावर गेला आणि सोळा वर्षांच्या जॉनकडे संघ आला. पोरांना ज्याचा जाच वाटायचा ते त्याने एकेक करून काढून टाकलं. संघ जिंकत गेला, मग काढलेलं परत आणायचं कशाला?

टॅकल न करता टॅकल शिकवता येतं का, हा प्रश्न हमखास येतो. येतं, कारण त्यातलं बरंचसं काम धडकेच्या आधीच झालेलं असतं. समोरची रचना पाहून चेंडू कुठे जाणार ते ओळखायचं. जिथे तो आत्ता आहे तिथे धावायचं नाही, दोन पावलांनी जिथे असेल तिथला कोन धरायचा. शेवटची तीन-चार पावलं आखूड करायची, गुडघे वाकवायचे. नजर कमरेवर, कारण डोकं आणि खांदे हुलकावणी देतात, कंबर सहसा देत नाही. डोकं वर ठेवायचं; खाली घातलं तर मानेवर बेततं. हे सगळं पूर्ण वेगात करून हाताच्या अंतरावर सोडून द्यायचं. कुणी आपटत नाही, उठायला वेळ जात नाही, म्हणून त्याच वेळात कितीतरी जास्त वेळा तीच चाल खेळून होते.

नक्कल करणारे फसतात ते बहुतेक इथेच. टॅकल बंद केलं की पोरं चार पावलं आधीच वेग सोडतात आणि शनिवारी सामन्यात पळणारा नेमका त्या चार पावलांतून निसटतो. म्हणून प्रत्येकाने दर वेळी चेंडूपर्यंत पोहोचलंच पाहिजे. हे बघायला डोळे लागतात, आणि ते काम सहायक कोचवर सोडून चालत नाही.

कॉलेज छोटं, बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथातल्या साधूंचं. १९५३ साली गलार्डी तिथे गेले तेव्हा आधीचे कोच जॉनी ब्लड मॅकनॅली यांचं मत होतं की इथे कुणी जिंकूच शकणार नाही. सेंट जॉन्स कॉलेज खेळांच्या ज्या गटात आहे त्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. खेळाडू खेळतो ते आवडीने. अशा पोराला रोज ठोकून काढलं तर तो सरळ सोडून जातो, त्याला अडवायला कोचकडे काही नसतं. पगार एक, कामं अनेक: गलार्डींनी तिथे आइस हॉकीचा संघही सांभाळला. एवढं करून ६० हंगाम एकाच जागी, आणि १९६३, १९६५, १९७६, २००३ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं. शेवटच्या अंतिम सामन्यात त्यांनी सलग ५५ सामने जिंकलेल्या माउंट युनियन कॉलेजला २४-६ असं हरवलं.

डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हेन्स यांनी २०१० मध्ये सरावात खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणं बंद केलं, आणि २०१६ मध्ये डार्टमथ ज्यात खेळतं त्या आयव्ही लीग या आठ कॉलेजांच्या गटातल्या सगळ्या कोचनी हंगामातल्या सरावापुरता हाच निर्णय घेतला. टीव्हेन्स यांनी डमी मात्र ठेवल्या, पुढे रिमोटवर पळणारी डमीही आणली. माझ्या मते छोट्या संघाने डमीच्या बाबतीत डार्टमथचं ऐकावं. दीडशे जणांच्या संघात नवीन पोराला एक-दोन वर्षं बघून शिकायला मिळतं. चाळीस जणांच्या संघात तो पहिल्याच महिन्यात मैदानात उतरतो, आणि खांदा कुठे लावायचा हे त्याच्या अंगात आधी बसलेलं असावं लागतं.